माझ्या मानेवरची तीन अक्षरं

अंगावर खाजरे फोड आले आहेत, झोपेचं खोबरं झालं आहे आणि शेजारीपाजारी दोन हात लांब उभे राहून बोलतात, अशा कुणाच्या हातात हे पडलं तर त्याने धीर सोडू नये म्हणून शेवट आधीच सांगते. मी बरी झाले! ठणठणीत बरी झाले. आणि ज्या सकाळी माझ्या दंडावर नवेकोरे फोड उठले, त्या सकाळी मी दवाखान्याच्या वॉर्डात अक्षरशः नाचले. फोड बघून नाचणाऱ्या बाईला वेडी म्हणायचं की नाही, ते सगळं वाचून ठरवा.

तेव्हा आपला विदर्भ मध्यप्रदेशात होता. मी बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, अल्लीपूरला मुलींच्या शाळेत शिकवायची. घर वडनेरला. वडील नव्हते, कारभार माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. बहिणीने परगावी एकटं राहून नोकरी करावी हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. आईने मध्ये पडून माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतलं होतं. मला सोडायला आला तेव्हा दादा बजावून गेला, "एक वर्स पाहू. जमलं त ठीक. नाई जमलं त दमणी घेऊन येतो अन् सामानासकट तुले घेऊन जातो." दमणी म्हणजे आमची हलकी बैलगाडी. ती दमणी पुढे कित्येक महिने माझ्या डोळ्यांपुढे उभी होती.

शाळा सकाळची असे. दुपारी, घरोघरची जेवणं आटोपली की, त्याच खोलीत मी बायकांचा वर्ग भरवायची. तो वर्ग म्हणजे माझा जीव की प्राण! चौदा बायका यायच्या. कुणाला मुलाचं पत्र वाचायचं होतं, कुणाला पोथी. आणि पार्बताबाईला काहीच वाचायचं नव्हतं, तिला लिहायचं होतं. पार्बताबाई गावची वरठीण. सगळ्या गावाचे कपडे नदीवर नेऊन धुवायची. वय चाळिशीच्या पुढे, हात दगडावर आपटून आपटून राठ झालेले.

"बाई, ह्या हातानं पेन्शील धरता येईन का मले?" असं तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

काना, मात्रा, वेलांटी यांचा तिला भारी वैताग. माझं नाव कमल. त्यात काना नाही, मात्रा नाही. म्हणून तेच तिला सगळ्यात आधी आलं. आलं त्या दिवशी ती पाटी पुसू देईना. तशीच डोक्यावर धरून घरी घेऊन गेली.

सुरुवात

पोळा झाला आणि आठ-पंधरा दिवसांत माझी मान खाजू लागली. मागच्या बाजूला, केसांच्या खाली. आधी वाटलं घामोळं. मग लाल चट्टा उठला, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे पाणीदार फोड आले, फुटले, चिघळले. मग तेच कमरेवर, नाडी बसते तिथे. खाज तरी कसली! फळ्यावर लिहिता लिहिता हात आपोआप मानेकडे जायचा. पोरी टकामका बघायच्या. मी खडूचा हात मानेला चोळून घेई आणि सगळी पाठ पांढरी करून घरी येई.

घरमालकीण भागीरथाकाकूंनी पदर सरकवून पाहिलं आणि निकाल दिला, "नागीन होय वो बाई ही. तोंड अन् शेपूट भिडू देऊ नको." त्यांनी कावेचा लेप केला. मी दोन दिवस तांबडी मान घेऊन हिंडले, नागीण जागची हलली नाही. मग उष्णता झाली म्हणून सब्जा पिऊन झाला. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळी झाल्या. पथ्य म्हणून वांगं सुटलं. वांगं सोडल्याचं दुःख मला फोडांइतकंच झालं, हे इथे कबूल करते.

शेवटी मी माझी स्वतःची अक्कल चालवली. आरोग्याचे धडे शिकवणारी बाई मी! मी ठरवलं की ही घाण आहे आणि स्वच्छतेने जाईल. दिवसातून दोनदा कपडे बदलू लागले आणि एक दिवसाआड सगळे कपडे पार्बताबाईकडे देऊ लागले. "चांगले भट्टीत उकळून दे," असं तिला सांगायची. ती बिचारी हौसेने न्यायची, हौसेने आणून द्यायची. घड्या माझ्या हातात ठेवून दारात घुटमळत उभी राहायची.

"पाहून घ्या बाई. बराबर हाय ना?"

"बरोबर आहे गं," म्हणून मी न बघताच पेटीत ठेवून द्यायची. मला घाई असायची, मान खाजवायची असायची. ती थोडा वेळ थांबून निघून जायची.

मी जितकी स्वच्छ होत गेले तितके फोड वाढत गेले.

दिवाळी

दिवाळीच्या सुट्टीत वडनेरला गेले तेव्हा आईने मला बघून तोंडाला पदर लावला. माझे सगळे कपडे तिने गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले. "हे नोकरीचे कपडे मले घरात नको," म्हणाली. तिचं जुनं मऊ लुगडं नेसले, तिची चोळी घातली. मानेला खोबरेल लावायची आणि उन्हात बसायची, बस्स. बारा दिवसांत फोड वाळले! खपल्या पडल्या! मी वाटीभर वांग्याची भाजी खाल्ली, तरी काही झालं नाही.

सुट्टी संपली, अल्लीपूरला आले, माझे कपडे घातले. तिसऱ्या दिवशी मान पेटली.

दादा वडनेरहून बघायला आला. त्याचं गणित सरळ होतं. "घरी आली त बरी झाली, अठी आली का पुन्हा तेच. ही मास्तरकी तुले सोसून नाई राह्यली, कमल."

मला राग आला. घरी बरी होते आणि शाळेत आजारी पडते हे मलाही दिसत होतं. का, ते मात्र दिसत नव्हतं.

आणि मग गावात तो शब्द निघाला. महारोग. आमच्या वर्ध्याकडे त्या रोग्यांची सेवा करणारी माणसं होती, त्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक होतं. भीती मात्र इतर मुलखाइतकीच होती. ती मलाही होती, खोटं कशाला सांगू? त्या रोगात चामडी बधिर होते असं ऐकलेलं, म्हणून मी दार लावून मानेवरच्या चट्ट्यात सुई टोचून बघितली. अशी कळ आली की मी ओरडले, आणि त्या कळेने मला इतका आनंद झाला की आणखी दोनदा टोचून बघितलं.

पण बायकांना सुईचं कोण सांगणार? चौदाच्या आठ झाल्या, आठाच्या तीन. एका दुपारी सतरंजीवर एकटी पार्बताबाई बसलेली. नेहमीसारखी अगदी जवळ, माझ्या पायाला लागून.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कायची वो? तुमचे कपडे मीच धुतो ना? मले काई झालं नाई."

मी त्या दिवशी तिला शिकवू शकले नाही. पाटीवर डोकं टेकून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

दोनच दिवसांनी शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून, नजर चुकवत, सांगितलं की रजा घ्या, डॉक्टरांचा कागद आणा, मगच वर्गात या. दादाचा निरोप आला: कागद मिळाला नाही तर दमणी येईल.

वॉर्ड

वर्ध्याच्या दवाखान्यात दादाच घेऊन गेला. डॉक्टरीणबाई उंच, खणखणीत आवाजाच्या, चष्मा कपाळावर चढवून बघणाऱ्या. त्यांनी मान पाहिली, कंबर पाहिली, हातपाय दाबून, टोचून पाहिले.

"महारोग नाही," त्या म्हणाल्या. "मुळीच नाही."

मी खुर्चीवर बसल्या बसल्या हमसाहमशी रडले. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तोही रडत होता हे मला पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं.

"मग आहे काय?" मी नाक पुसत विचारलं.

"ते तुम्ही आणि मी मिळून शोधू," त्या म्हणाल्या. डॉक्टर असं बोलतात हे मला माहीतच नव्हतं! मी तिथल्या तिथे त्यांची भक्त झाले.

मला भरती करून घेतलं. माझे कपडे काढून खाटेखालच्या पेटीत गेले आणि दवाखान्याचा जाडाभरडा पांढरा सदरा अंगावर आला. त्याच्या मानेशी लाल दोऱ्याने वॉर्डाचा आकडा शिवलेला होता. सकाळी घंटा व्हायची, मग चहा, मग गार पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, मग गुलाबी औषधाचा लेप. ते औषध वाळलं की मी गुलालात लोळल्यासारखी दिसे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला रोज विचारायची की होळी कधी झाली.

वॉर्डात फुलाबाई नावाची आया होती. कारंज्याकडच्या जंगलातली गोंड बाई. पट्ट्या पिळताना आपल्या भाषेत काहीतरी गुणगुणायची, आणि मी खाजवायला हात उचलला की गाणं न थांबवता माझ्या हातावर चापट मारायची.

पाच दिवसांत मान वाळली. सहाव्या दिवशी दुपारी सुट्टीचं ठरलं, दादा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने यायचा होता. मला कुठला धीर? मी त्याच दुपारी माझे स्वच्छ धुतलेले कपडे घालून, वेणी घालून तयार होऊन बसले.

उजाडलं तेव्हा मान आगीसारखी होत होती.

डॉक्टरीणबाई आल्या, बघितलं, कपाळावरचा चष्मा खाली आला. "काल काय खाल्लं?"

"वॉर्डातलंच."

"कुठे गेलात?"

"कुठेच नाही."

"मग काल काय बदललं?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आणि दोघी एकदम ओरडलो, "कपडे!"

मी पडद्याआड जाऊन पोलकं काढलं. त्यांनी ते उलटं करून खिडकीच्या उजेडात टेबलावर पसरलं. मानेच्या पट्टीवर आतल्या बाजूला काळ्या खुणा होत्या. मी ते पोलकं शंभरदा घातलं असेल. वरठ्याची खूण असतेच, तिच्याकडे कोण बघतं? आत्ता बघितलं. वेडीवाकडी, एकमेकींना धक्का देणारी तीन अक्षरं.

"काय लिहिलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी वाचलं. "क, म, ल."

मागून फुलाबाई डोकावली. तिला एक अक्षर येत नव्हतं. तिने बोटही लावलं नाही, नुसतं बघितलं आणि खो खो हसत सुटली. "हे त बिब्याचं होय! अवो डाक्टरीनबाई, हिले बिबा उतला, अंगावर फुटला!"

तिचं लहानपण जंगलात बिबे वेचण्यात गेलं होतं. "आमी पोरं वेचाले जावो त कोनाचं तोंड डांगरावानी फुगे. कोनाले उतते, कोनाले जिंदगीभर काई होत नाई. माह्या बहिनीले झाडाखालून गेली तरी उते."

बिब्याचं तेल काळं, चिकट. सुईने ते कपड्यावर टिपायचं, वर चुना लावायचा, की ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. वरठी लोक हेच करतात हे मलाही माहीत होतं. पण माझी खूण पूर्वी पदराच्या कोपऱ्याला दोन टिंबं एवढीच होती. आम्ही पेटी उपसली. प्रत्येक पोलक्याच्या मानेवर कमल. प्रत्येक परकराच्या नेफ्यावर कमल. लिहिणारीने कंटाळा म्हणून केला नव्हता. दर धुण्याला तीच अक्षरं हौसेने पुन्हा गिरवलेलीही दिसत होती.

फोडाची वाट

"खात्री करून घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी नेफ्याचा काळा तुकडा कापून माझ्या डाव्या दंडावर पट्टीखाली बांधला आणि कोरा तुकडा उजव्या दंडावर. दोन दिवस सोडायचं नाही.

एवढ्यात दादा आला. त्याला सगळं सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. "अवो, बरी करा म्हनून आनली होती. आता मुद्दाम फोड काऊन आनून राह्यले?"

"त्याच्यावरच माझी नोकरी आहे, दादा!"

"फोडावर?"

"फोडावर!"

तो गेला नाही. दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात पटका उशाशी घेऊन राहिला. मी सारखी दंड चाचपत होते. डाव्या दंडाला खाज सुटली की माझं काळीज उडायचं, आनंदाने! खाजेची कुणी अशी वाट बघितली नसेल.

तिसऱ्या सकाळी पट्ट्या सोडल्या. उजवा दंड स्वच्छ. डाव्यावर लाल चौकोन आणि त्यात टपोरे, पाणीदार, सुंदर फोड! मी खाटेवरून उडी मारली. फुलाबाईचे दोन्ही हात धरून फुगडीच घातली. शेजारची म्हातारी विचारू लागली की आता कोणता सण आहे.

तुमच्यापैकी ज्यांना असे फोड आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. लेप आणि पथ्य नंतर. आधी फोड कुठे येतो, कधी जातो, त्या दिवसांत तुम्ही काय बदललं, हे बघा. अंगावरचा कपडा एकदा उलटा करून बघा. मी चार महिने ते केलं नाही.

नाचून झालं आणि मी खाटेवर बसले तेव्हा दुसरंच काहीतरी लक्षात आलं. पाहून घ्या बाई, बराबर हाय ना? पार्बताबाई दर वेळी दारात थांबायची ती याच्यासाठी. ती कपड्यांचं विचारत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं नाव ती बाईंना दाखवत होती आणि शाबासकीची वाट बघत होती. मी एकदाही घडी उलगडली नव्हती.

अल्लीपूर

कागद मिळाला. पण दादा हेका सोडेना. "कागद शाळेले चालन. गाव मानन का? तुह्या बायका आल्या नाई वर्गात त सामान भरजो." आणि खरंच वडनेरहून दमणी जोडून मला अल्लीपूरला घेऊन आला.

निघताना फुलाबाईने दवाखान्याच्या लाल दोऱ्याची एक रीळ माझ्या हातात कोंबली होती. ती मुठीत धरून मी सगळा रस्ता एकच विचार केला. बिबा म्हणावं तर पार्बताबाईवर येणार. गाव तिला कपडे देणार नाही, आणि ती पुन्हा पाटीला हात लावणार नाही. न म्हणावं तर गाव मला मानणार नाही. शेवटी ठरवलं की मोघम बोलायचं.

दुपारी वर्गाची वेळ झाली. दादाने दमणी शाळेच्या दारातच उभी केली होती. बायका आल्या, पण ओसरीवरच थांबल्या. सतरंजीवर कुणी बसेना. आत फक्त पार्बताबाई. मी कागद वाचून दाखवला: महारोग नाही, कोणताही लागणारा रोग नाही, कपड्याच्या दोषाने फोड आले.

"कपड्याचा कोन्ता दोष असते वो?" भागीरथाकाकूंनी ओसरीवरून विचारलं. "आमी नाई घालत का कपडे?"

मी अडखळले. काहीतरी पुटपुटले. आणि पार्बताबाई माझ्याकडे बघत होती. तिचा हात हळूच स्वतःच्या मानेकडे गेला, मग कमरेकडे. जिथे जिथे तिने लिहिलं होतं तिथे.

ती उभी राहिली. "मीनं लिवलं होतं," ती म्हणाली. "बिब्यानं. पोळ्यापासून. बाई कवा पाह्यतीन, वाट पाहून राह्यली होती मी. मले काय मालूम बाईले बिबा उतते!"

पार्बताबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती खाली बसली नाही. सरळ फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि सगळ्यांसमोर, ओरखडे काढत, मोठं मोठं लिहिलं. क. म. ल. "हे असं," ती म्हणाली. "दुसरा दोष नाई बाईचा. हे होतं."

मी तिच्याजवळ गेले. "शाबास, पार्बताबाई. चार महिने उशीर झाला, पण शाबास. तिन्ही अक्षरं बरोबर आहेत. शाई तेवढी मला सोसली नाही." आणि मुठीतली लाल रीळ तिच्या हातात ठेवली. "आता याने लिही."

भागीरथाकाकूंनी फळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चपला काढून आत आल्या आणि सतरंजीवर, अगदी पुढे, बसल्या. "पार्बते, माह्यंबी नाव लिवजो माह्या लुगड्यावर," त्या म्हणाल्या. "पन दोऱ्यानं लिवजो, माय!"

हसण्याचा एकच गलका उडाला. एक आली, दोन आल्या, सतरंजी भरली. पाट्या निघाल्या.

दारात सावली पडली म्हणून मी वळून पाहिलं. दादा चौकटीला टेकून उभा होता. त्याने फळ्यावरची अक्षरं एकेक करून ओठांतल्या ओठांत वाचली, मग पार्बताबाईच्या खडूने माखलेल्या हाताकडे बराच वेळ बघितलं. पटका नीट केला.

"दमणी रिकामीच नेतो मी," तो म्हणाला. "तू आता दिवाळीलेच येजो."